व्हिसाच्या अर्जातील नातलगांचा रकाना : काय लिहावे आणि का

आपल्या धर्मग्रामांत आज असे घर विरळाच, ज्या घरातील एखादा मुलगा, मुलगी, भाऊ किंवा बहीण परदेशी नाही. आखाती देशांत नोकरीसाठी जाण्याची वाट जुनी आहे. त्यानंतरच्या पिढीने उच्च शिक्षण, संगणक क्षेत्र, रुग्णसेवा आणि धर्मसेवा यांच्या निमित्ताने अमेरिका, कॅनडा, इंग्लंड व ऑस्ट्रेलिया या देशांची वाट धरली. साहजिकच नातवंडाचा स्नानसंस्कार, मुलीचे बाळंतपण, पुतण्याचे लग्न अशा प्रसंगी गावाकडच्या आईवडिलांना व भावंडांना तिकडे जाण्याची ओढ लागते आणि त्यासाठी व्हिजिटर व्हिसाचा अर्ज भरावा लागतो.

हा अर्ज भरताना एका रकान्याजवळ अनेकांचा हात थबकतो. तुमचे कोणी नातलग त्या देशात आहेत काय आणि असल्यास त्यांचा तेथील दर्जा काय, असा तो प्रश्न असतो. याच वेळी कुणीतरी हितचिंतक कानात सांगतो, “मुलगा तिथे आहे असे लिहू नका. तुम्ही परत येणार नाही असे त्यांना वाटेल आणि व्हिसा नाकारतील.” हा सल्ला प्रेमापोटी दिलेला असला तरी तो घातक आहे. नातलग परदेशी आहे हे खरे सांगितल्याने होणारे नुकसान झालेच तर तात्पुरते असते. ते लपविल्याने होणारे नुकसान जन्मभर पुरू शकते. हा फरक वाचकांच्या ध्यानी यावा म्हणून हा लेख आम्ही लिहीत आहोत. विस्तार टाळण्यासाठी आम्ही मुख्यतः अमेरिकेच्या अर्जाचाच विचार करणार आहोत.

अर्जात नेमके काय विचारले आहे?

अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसासाठी, म्हणजे बी-१/बी-२ या वर्गासाठी, डीएस-१६० नावाचा अर्ज संगणकावर भरावा लागतो. त्यात नातलगांविषयीचे प्रश्न तीन टप्प्यांत येतात. प्रथम अर्जदाराचे वडील अमेरिकेत आहेत काय आणि आई अमेरिकेत आहे काय, हे स्वतंत्रपणे विचारले जाते. त्यानंतर आईवडील सोडून अन्य निकटचे नातलग तेथे आहेत काय, असा प्रश्न येतो. निकटचे नातलग म्हणजे पती किंवा पत्नी, वाग्दत्त वधू किंवा वर, मुलगा किंवा मुलगी आणि भाऊ किंवा बहीण. ‘होय’ म्हटल्यास प्रत्येकाचे नाव, नाते आणि दर्जा लिहावा लागतो. असे निकटचे कोणी नसल्यास इतर कोणी नातलग तेथे आहेत काय, याचे ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर द्यायचे असते.

येथे आपल्या मराठी बोलण्याच्या सवयीमुळे गोंधळ होतो. आपल्याकडे चुलतभाऊ, मामेभाऊ, मावसबहीण या सर्वांना आपण सरसकट भाऊ-बहीणच म्हणतो. अर्जातील भाऊ-बहीण मात्र एका आईवडिलांची लेकरे या अर्थाने आहेत. काका, मामा, आत्या, चुलत व मावस भावंडे ही ‘इतर नातलग’ या सदरात येतात. जावई आणि सून यांचा समावेश निकटच्या नातलगांच्या यादीत नाही; परंतु मुलगी किंवा मुलगा तेथे असल्यास त्यांचे नाव लिहिलेच पाहिजे. स्नानसंस्काराच्या वेळचे धर्ममातापिता आपल्याला कितीही जवळचे असले तरी अर्जाच्या दृष्टीने ते नातलग नव्हेत.

दुसरी गोष्ट म्हणजे हा प्रश्न वर्तमानकाळातील आहे. एके काळी अमेरिकेत शिकून आता दुबईत स्थायिक झालेला मुलगा या रकान्यात येत नाही. उलट दोन वर्षांच्या प्रकल्पासाठी गेलेला मुलगा तिथे ‘कायमचा’ नसला तरी आज तिथे आहे, म्हणून त्याचे नाव लिहावे लागते.

दर्जा कसा ओळखावा?

नातलगाच्या दर्जासाठी अर्जात चार पर्याय दिलेले असतात : अमेरिकेचा नागरिक, कायदेशीर कायम रहिवासी, तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्ती आणि चौथा ‘अन्य किंवा ठाऊक नाही’.

नागरिक म्हणजे ज्याच्याकडे अमेरिकेचे नागरिकत्व आहे तो. कायम रहिवासी म्हणजे ज्याला प्रत्यक्ष ग्रीन कार्ड मिळाले आहे तो. ‘ग्रीन कार्डसाठी अर्ज केला आहे’ आणि ‘ग्रीन कार्ड मिळाले आहे’ यांत महदंतर आहे. भारतीय नोकरदारांना ग्रीन कार्डसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते. मुलाच्या कंपनीने त्याच्यासाठी अर्ज दाखल केला असेल आणि तो आजही एच-१बी व्हिसावर काम करीत असेल, तर त्याचा दर्जा तात्पुरत्या व्हिसाचाच होय. त्याच्यावर अवलंबून असलेली पत्नी एच-४ वर, कंपनीने बदली करून पाठविलेला कर्मचारी एल-१ वर आणि विद्यार्थी एफ-१ वर असतो. हे सर्व तिसऱ्या पर्यायात मोडतात. पदवीनंतर मर्यादित काळासाठी नोकरी करण्याची मुभा मिळालेला विद्यार्थीही एफ-१ वरच असतो.

आपल्या समाजात आणखी एक प्रकार वारंवार आढळतो. घरातील एखादा धर्मगुरू किंवा धर्मभगिनी अमेरिकेतील धर्मप्रांतात अथवा मठात सेवा करीत असते. “आमची सिस्टर तिथे देवाच्या कामासाठी आहे, ती काही स्थायिक झालेली नाही,” असे म्हणून तिचे नाव गाळले जाते. धार्मिक सेवेसाठी आलेल्यांना सामान्यतः आर-१ हा व्हिसा मिळतो आणि तोही तात्पुरत्या व्हिसाचाच प्रकार आहे. सख्खी बहीण ही बहीणच. तिचे नाव लिहावे.

हे सर्व अंदाजाने लिहू नये. अर्ज भरण्यापूर्वी मुलाला किंवा भावाला दूरध्वनी करून “आज तुझा दर्जा नेमका कोणता?” एवढे विचारून घ्यावे. वडील ‘ग्रीन कार्ड’ लिहितात आणि आई मुलाखतीत ‘तो सिटिझन झाला’ असे सांगते, तेव्हा दोघांचाही हेतू शुद्ध असूनही संशयाला जागा निर्माण होते.

हे विचारण्याचा त्यांना अधिकार काय?

अमेरिकेच्या स्थलांतर कायद्यातील कलम २१४ बी नुसार व्हिजिटर व्हिसा मागणारी प्रत्येक व्यक्ती तेथे कायम राहण्याच्या इराद्यानेच येत आहे, असे आरंभी गृहीत धरले जाते. तसे नाही हे पटवून देण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. व्हिसा अधिकारी दोन्ही बाजू पाहतो. तिकडे कोण आहे हे त्याला पाहायचे असते, तसेच इकडे काय आहे हेही : घर, शेतीवाडी, नोकरी किंवा निवृत्तिवेतन, जोडीदार, अन्य मुले, पूर्वीच्या परदेश प्रवासांतून वेळेवर परतल्याची नोंद.

म्हणजे मुलगा तिथे असणे ही त्या तराजूतील एक वस्तू आहे, संपूर्ण तराजू नव्हे. किंबहुना आईवडिलांच्या बाबतीत मुलाला भेटणे हेच प्रवासाचे कारण असते आणि भेटीसाठी जाणे हा या व्हिसाचा एक मान्य उद्देशच आहे. मुलगाच लपविला, तर सत्तरीच्या आईने अमेरिकेच्या एखाद्या लहानशा शहरात तीन महिने कशासाठी राहायचे, याचे उत्तर उरत नाही. एक असत्य झाकण्यासाठी मग दुसरे आणि तिसरे रचावे लागते.

मुलगा नागरिक असेल आणि त्याचे वय एकवीस किंवा त्याहून अधिक असेल, तर तो आईवडिलांसाठी कायम वास्तव्याचा अर्ज करू शकतो आणि आईवडिलांच्या या वर्गाला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. “आम्हांला तिथे कायम राहायचे असते तर मुलाने तो सरळ मार्ग धरला असता. आम्हांला नातवंडांना भेटून घरी परतायचे आहे,” हे सरळ आणि खरे उत्तर आहे. ज्याने मुलाचे अस्तित्वच नाकारले त्याला हे उत्तर देता येत नाही.

एवढे करूनही व्हिसा नाकारला जाऊ शकतो, हे आम्ही वाचकांपासून लपवीत नाही. २०२३ पासून या अर्जाचे शुल्क १८५ डॉलर आहे आणि नकार आल्यास ते परत मिळत नाही. २१४ बी खालील नकारावर अपीलही नाही. तथापि हा नकार त्या दिवसापुरता असतो. परिस्थिती बदलल्यास किंवा ती अधिक स्पष्टपणे मांडता आल्यास पुन्हा अर्ज करता येतो. असा नकार मिळालेल्या अनेकांना पुढे व्हिसा मिळतो.

लपविल्यास काय होते?

असत्य उघडकीस आल्यास लागू होणारे कलम निराळे आहे. कायद्याच्या २१२ व्या कलमातील एका तरतुदीनुसार जी व्यक्ती महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटी माहिती देऊन व्हिसा मिळविते किंवा मिळविण्याचा प्रयत्न करते, ती अमेरिकेत प्रवेशास अपात्र ठरते. या अपात्रतेला मुदत नाही. पाच किंवा दहा वर्षांनी ती आपोआप संपत नाही.

तिच्यातून सूट मागता येते. पण येथेच आईवडिलांसाठी सर्वांत कठोर अट आहे. व्हिजिटर म्हणून तात्पुरत्या प्रवासासाठीची सूट अधिकाऱ्यांच्या विवेकावर अवलंबून असते. कायम वास्तव्यासाठीची सूट मिळविण्यास मात्र अर्जदाराच्या अमेरिकी नागरिक किंवा कायम रहिवासी असलेल्या पतीला, पत्नीला, आईला किंवा वडिलांना अतोनात हाल सोसावे लागतील, हे सिद्ध करावे लागते. या यादीत मुलाचे व मुलीचे नाव नाही.

याचा अर्थ समजून घ्यावा. समजा एका विधवा आईने सांगोवांगीच्या सल्ल्यावरून अर्जात मुलाचे नाव लपविले. पुढे काही वर्षांनी ती थकली, गावात तिची काळजी घेणारे कोणी राहिले नाही आणि नागरिक झालेल्या मुलाने तिला रीतसर कायमचे आपल्याकडे नेण्याचे ठरविले. तेव्हा तो जुना अर्ज समोर येतो. तिची अपात्रता कायम आहे आणि सूट मागण्यासाठी कायदा ज्या नातलगांचा विचार करतो त्यांपैकी तिच्याकडे एकही नाही; कारण तिला आहे तो फक्त मुलगा. ज्या मुलाला भेटण्यासाठी ती खोटे बोलली, त्याच मुलाकडे राहण्याचा मार्ग त्या खोट्याने बंद झाला.

“त्यांना कळणार कसे?” असे कोणी विचारील. मुलाने स्वतःच्या व्हिसासाठी भरलेल्या अर्जात आईवडिलांची नावे असतात. बोटांचे ठसे, जुने अर्ज आणि प्रवासाच्या नोंदी जपून ठेवल्या जातात. माणूस विसरतो, नोंदवही विसरत नाही. तरीही पकडले जाण्याचे भय हे खरे बोलण्याचे दुय्यम कारण आहे. मुख्य कारणाकडे आम्ही शेवटी येणार आहोत.

विस्मरणात गेलेला अर्ज

याच अर्जात आणखी एक प्रश्न आहे : तुमच्या वतीने कोणी कधी कायम वास्तव्यासाठीची याचिका दाखल केली आहे काय? अनेक कुटुंबांत नागरिक झालेल्या एखाद्या भावाने किंवा बहिणीने फार पूर्वी भावंडांसाठी अशी याचिका केलेली असते. भावंडांच्या या वर्गात जगभरासाठी मिळून वर्षाला सुमारे ६५,००० जागा असतात आणि भारतीयांची रांग अतिशय लांब आहे. ज्यांच्या याचिका २००६ च्या आसपास दाखल झाल्या होत्या, त्यांचे क्रमांक २०२५ मध्ये लागत होते. एवढ्या काळात मूळ कागद कपाटात हरवतात आणि माणसे ती गोष्ट विसरूनही जातात.

म्हणून ‘नाही’ लिहिण्यापूर्वी तिकडच्या भावंडांना विचारावे. अशी याचिका असल्यास ‘होय’ लिहावे. ती प्रलंबित असल्याने व्हिजिटर व्हिसा कायद्याने बंद होत नाही. अधिकारी अधिक प्रश्न विचारील, त्यांची उत्तरे द्यावीत.

ज्याचे वास्तव्य कायदेशीर नाही असा नातलग

हा विषय नाजूक आहे आणि तो टाळणे आम्हांला योग्य वाटत नाही. काही कुटुंबांतील एखादा भाऊ व्हिसाची मुदत संपल्यावरही तिकडेच राहिलेला असतो. त्याचे नाव लिहिल्यास आपण त्याला संकटात लोटू, ही भीती बहिणीच्या मनात येणे अगदी स्वाभाविक आहे.

वस्तुस्थिती अशी. निकटच्या नातलगांच्या रकान्यात नाव, नाते व दर्जा विचारला जातो. बेकायदेशीर वास्तव्यासाठी वेगळा पर्याय नाही. अशी व्यक्ती ‘अन्य किंवा ठाऊक नाही’ या पर्यायातच येते. व्हिसाच्या नोंदी कायद्याने गोपनीय असतात, म्हणजे त्या जनतेसाठी खुल्या नसतात. परंतु स्थलांतर व अन्य कायद्यांच्या अंमलबजावणीसाठी अमेरिकी शासन त्यांचा उपयोग करू शकते. त्यामुळे ‘काहीच होणार नाही’ असे आश्वासन कोणीही देऊ नये आणि आम्हीही देत नाही.

अशा वेळी अर्ज भरण्यापूर्वीच त्या भावाशी बोलावे आणि अमेरिकेत वकिलीची सनद असलेल्या स्थलांतर कायद्याच्या वकिलाचा सल्ला घ्यावा. धोका मोठा वाटल्यास प्रवास पुढे ढकलावा. अर्ज न करण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे. अर्ज करून त्यात खोटे लिहिण्याचे स्वातंत्र्य मात्र नाही. त्या भावाच्या घरी उतरणार असताना हॉटेलचा पत्ता देणे हेही खोटेच होय.

एजंट, सही आणि झालेली चूक

आपल्याकडे पुष्कळ ज्येष्ठ मंडळी अर्ज एजंटाकडून किंवा शेजारच्या तरुणाकडून भरून घेतात. त्यात गैर काही नाही. अर्ज भरण्यास कोणी साहाय्य केले काय, हेही अर्जात विचारलेले असते आणि तेथे साहाय्य करणाऱ्याचे नाव द्यावे. मात्र अर्ज दुसऱ्याने भरला तरी त्यावरील संगणकीय सही अर्जदाराने स्वतः करावी असा नियम आहे. ‘एजंटाने लिहिले, मला ठाऊक नव्हते’ ही सबब सहसा टिकत नाही. म्हणून सही करण्यापूर्वी प्रत्येक प्रश्न व उत्तर मराठीतून वाचून समजावून घ्यावे, भरलेल्या अर्जाची प्रत मागून घ्यावी आणि ती जपून ठेवावी. पुढील वेळी अर्ज करताना हीच प्रत उपयोगी पडते. जो एजंट नातलग लपविण्याचा सल्ला देतो, त्याच्याकडून तत्काळ उठावे. शुल्क घेऊन तो मोकळा होतो, अपात्रता अर्जदाराच्या नावावर राहते.

अजाणता झालेली चूक आणि जाणूनबुजून केलेली फसवणूक यांत कायदाही फरक करतो. मुलाखतीपूर्वी चूक लक्षात आली तर दुरुस्त केलेला नवा अर्ज भरता येतो. मात्र मुलाखतीची वेळ ज्या अर्जक्रमांकावर घेतली आहे, तेथे नवा क्रमांक नोंदवून घेण्यास विसरू नये. मुलाखतीतच लक्षात आले तर अधिकाऱ्याने विचारण्याची वाट न पाहता आपणहून सांगावे. पहिल्याच संधीला स्वेच्छेने केलेली दुरुस्ती ग्राह्य धरली जाते; पकडले गेल्यावर दिलेली कबुली सामान्यतः नाही. पूर्वीच्या एखाद्या अर्जात कोणी नातलग लपविला असेल, तर नव्या अर्जात तेच असत्य पुन्हा लिहू नये. वकिलाशी बोलून खरी माहिती द्यावी.

मुंबईतील वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात मुलाखत बहुधा काही मिनिटांतच आटोपते. तेथे विचारले तेवढ्याचेच, थोडक्यात आणि खरे उत्तर द्यावे. ठाऊक नसेल तर ‘ठाऊक नाही’ म्हणावे. तेही सत्यच आहे. व्हिसा मिळाल्यावर अमेरिकेच्या विमानतळावर पुन्हा “कोणाकडे आलात?” असे विचारले जाते. तेथेही उत्तर तेच असावे.

अन्य देशांत

इतर देशांचे अर्ज वेगळे असले तरी तत्त्व हेच आहे. खोटी माहिती दिल्यास कॅनडात पाच वर्षांची बंदी येते. ही मुदत पूर्वी दोन वर्षांची होती, ती २०१४ मध्ये वाढविण्यात आली. ब्रिटनमध्ये फसवणुकीमुळे दहा वर्षांपर्यंत अर्ज नाकारले जाऊ शकतात, तर ऑस्ट्रेलियात सामान्यतः तीन वर्षे. एका देशाला दिलेली माहिती दुसऱ्या देशापर्यंत पोहोचणारच नाही, असेही समजू नये.

श्रद्धेच्या दृष्टीने

कोणी म्हणेल, परक्या सरकारच्या अर्जात कुटुंबासाठी केलेली लपवालपवी हे काय पाप झाले? आठवी आज्ञा शेजारी आणि सरकार असा भेद करीत नाही. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने आपल्या होकाराविषयी व नकाराविषयी दिलेली शिकवण ‘होय’ आणि ‘नाही’ हे दोनच पर्याय असलेल्या या रकान्यालाही तितकीच लागू पडते. ख्रिस्तसभेची धर्मशिकवण दोन्ही बाजूंना कर्तव्य सांगते. संपन्न राष्ट्रांनी परक्यांचे यथाशक्ती स्वागत करावे आणि येणाऱ्यांनी त्या देशाच्या कायद्यांचा मान राखावा. प्रत्येक सत्य प्रत्येकाला सांगितलेच पाहिजे असे ही शिकवण म्हणत नाही. गप्प राहण्यास ती जागा ठेवते. असत्याला मात्र ती जागा ठेवीत नाही.

आणखी एक विचार आम्ही वाचकांसमोर ठेवू इच्छितो. आपला मुलगा, आपली बहीण यांचे नाते अर्जात नाकारणे म्हणजे आपल्या रक्ताच्या माणसाला आपणच कागदावर पुसून टाकणे होय. ज्यांच्यासाठी रोज संध्याकाळी रोझरीत प्रार्थना करतो, त्यांची नावे लिहिण्याची लाज किंवा भीती आपण का बाळगावी? तेव्हा अर्जाला बसण्यापूर्वी घरातील सर्वांना विचारून परदेशातील नातलगांची नावे व आजचा दर्जा एका कागदावर लिहून काढावा आणि तो समोर ठेवूनच रकाने भरावेत.